शून्याचं तिकीट आणि वरची वाडी

निघायची रात्र

मामीच्या डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन मुंबईत झालं आणि बाराव्या दिवशी तिने जाहीर करून टाकलं की आता मी गावी चालले, शिमगा तोंडावर आलाय, पालखी दारात येईल आणि दाराला कुलूप दिसेल ते मला चालायचं नाय. डॉक्टर म्हणाले अजून आठवडाभर थांबा. मामी म्हणाली, डोळा माझा हाय. मग तिला सोडायला कोणी जायचं, तर जिच्या सुट्ट्या शिल्लक आहेत ती भाची, म्हणजे मी.

गाव संगमेश्वर तालुक्यात, सह्याद्रीच्या अंगाला. नाव लिहीत नाही, कारण गावाचा व्हॉट्सअॅप ग्रुप दिवसरात्र जागा असतो आणि मला गणपतीत परत जायचंय.

दादरहून तुतारी एक्सप्रेस, रात्री १२ वाजून ५ मिनिटांनी. रात्रीच्या प्लॅटफॉर्मवर काळा गॉगल लावून बसलेली नऊवारीतली म्हातारी बघून दोन पोरं हसत होती, मामीने त्यांना जवळ बोलावून गाव विचारलं, एक लांज्याचा निघाला एक राजापूरचा, पाच मिनिटांत त्यांच्या आज्यांपर्यंत ओळख पोचली आणि आमच्या बॅगा पोरांनीच चढवल्या. डब्यात बसायला काय, उभं राहायला पण जागा नव्हती, सगळे शिमग्याला निघालेले.

झोप लागेना म्हणून मोबाईलवर २०११ च्या जनगणनेची फाईल उघडली (ऑफिसात दिवसभर एक्सेलच बघते, सवय जात नाही). त्यात प्रत्येक गावाची एक ओळ असते. माणसं किती, घरं किती, आणि पुढे शाळा, दवाखाना, बस, रेल्वे, असं सगळं आहे की नाही. नसेल तर किती लांब तेही फक्त तीन अक्षरांत, ५ किलोमीटरच्या आत असेल तर ए, ५ ते १० असेल तर बी, १० च्या वर असेल तर सी. आमच्या गावाला रेल्वे स्टेशनपुढे सी आहे, ते बरोबरच. बसपुढे मात्र आहे असं लिहिलंय. तेही खोटं नाही, पण त्या 'आहे'मध्ये काय काय येतं ते पुढचे चार दिवस बघितलं.

दिवस पहिला

पहाटे संगमेश्वर रोडला उतरलो. स्टेशनवरून रिक्षाने एसटी स्टँड, तिथे चहा आणि वडा, आणि मग बसून राहणं. आमच्या गावाला आता दिवसात दोन फेऱ्या. एक दुपारी, ती देवळापर्यंत जाऊन लगेच फिरते, आणि दुसरी संध्याकाळची वस्तीची गाडी. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, वस्तीची गाडी म्हणजे संध्याकाळी गावात येऊन रात्री तिथेच मुक्काम करणारी आणि सकाळी गावातनंच सुटणारी गाडी. ड्रायव्हर कंडक्टर देवळाशेजारच्या खोलीत झोपतात. मामी सांगत होती की पूर्वी त्यांचं जेवण घराघरातनं पाळीने जायचं, आता ते डबा घेऊनच येतात.

दुपारच्या गाडीत आम्ही धरून अकरा जण. कंडक्टरला मामीने आधारकार्ड दाखवलं, वय ७६, म्हणजे ७५ च्या वरची, ऑगस्ट २०२२ पासून त्या लोकांना एसटी पूर्ण फुकट. मला अर्धं, कारण मार्च २०२३ पासून बायकांना सरसकट अर्धं तिकीट. मशीनमधून मामीचं तिकीट आलं, त्यावर रक्कम शून्य. ते तिने नीट चार घड्या घालून चष्म्याच्या डबीत ठेवलं, आणि डबीत डोकावून बघितलं तर आत अशी पंधरावीस तिकिटं! म्हटलं मामी हे कशाला जपतेस, तर म्हणे, फुकट जाते म्हणून कोणी बोललं तर दाखवायला.

कंडक्टर हसला. म्हणाला, आजी तुम्ही बसलात की आम्हाला बरंच, शून्याचं असलं तरी मशीनमध्ये माणूस दिसतो, सवलतीचे पैसे सरकार महामंडळाला देतं. मग त्याने भारमान समजावलं. गाडीच्या एकूण सीटांपैकी किती भरल्या त्याची टक्केवारी. ती खाली गेली की फेरीवर प्रश्नचिन्ह. आधी सकाळी दहाची पण एक फेरी होती, २०२१-२२ च्या संपात सगळंच बंद झालं तेव्हा ती बंद झाली ती परत आली नाही. माणसांनी तोवर दुसरी सोय बघितली होती, कोणी बाईक घेतली, कोणी वडापवाल्याचा, म्हणजे खाजगी शेअर गाडीवाल्याचा, नंबर सेव्ह केला, म्हणून भारमान नाही, आणि भारमान नाही म्हणून फेरी नाही.

हायवे सोडला की रस्ता चांगला आहे, खोटं कशाला बोलू. (हायवेचं चौपदरीकरण २०११ पासून चालूच आहे, त्यावर लिहायला वेगळा लेख लागेल.) गाडी देवळापाशी थांबली, इंजिन बंद झालं आणि एकदम शांत. आता इथून वरची वाडी. आधी पऱ्या म्हणजे ओढा, त्यावर साकव म्हणजे लहानसा पूल, मग पाखाडी म्हणजे दगडी पायऱ्यांची वाट. साकवाचं एका बाजूचं कठडं मागच्या पावसात गेलंय, तिथे सुंभ बांधलाय. पाखाडीच्या पायऱ्या मी मोजल्या, १६७. जांभ्या दगडाच्या, मध्ये झिजून खोलगट झालेल्या, कडेला सुकलेलं शेवाळ. ऑपरेशन झालेल्या बाईने ओझं उचलायचं नाही, वाकायचं नाही, धक्का लागू द्यायचा नाही, असं डिस्चार्जच्या कागदावर छापलेलं होतं. पाखाडीबद्दल त्यात काही नव्हतं. मामी माझ्या खांद्यावर हात ठेवून एकेक पायरी चढली आणि दर वळणावर थांबून आता कोणाचं घर आलं ते सांगत होती. हे अमक्याचं, कुलूप. हे तमक्याचं, कुलूप, पोरगा नालासोपाऱ्याला. हे दोघा भावांचं, कोर्टात हाय, म्हणून दोन कुलपं.

घर उघडलं तेव्हा आत बंद घराचा तो वास. पडवीत उंदरांनी भाताच्या कणगीला भोक पाडलेलं. मामी म्हणाली, बघ, बारा दिवस माणूस नव्हता तर.

दिवस दुसरा

सकाळी साडेपाचला जाग आली ती पाखाडीवर चपलांच्या आवाजाने. बाहेर आले तर अंधारात तीन बॅटऱ्या हलत खाली चाललेल्या. वाडीतल्या आणि पलीकडच्या वाडीतल्या हायस्कूलच्या मुली, वस्तीची गाडी सव्वासहाला सुटते ती पकडायला. मुलींना पास मोफत आहे पण गाडी चुकली तर शाळा चुकली, दुसरा मार्ग नाही. वस्तीची गाडी रात्री गावात आली नाही तर सकाळी ती निघणार कुठून, हे मला त्या बॅटऱ्या बघेपर्यंत कळलंच नव्हतं. मी आपली समजत होते की रात्रीची गाडी मुंबईहून येणाऱ्यांसाठी असते.

दिवसभर वाडी फिरले. घरं २३. उघडी ९. माणसं मामीला धरून १४, त्यात बायका १० आणि पुरुष ४. रत्नागिरी जिल्ह्यात २०११ ला दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या, राज्यात सगळ्यात जास्त. असा आकडा शाळेच्या पुस्तकात वाचला की वाटतं वा, काय प्रगत जिल्हा. इथे त्याचा अर्थ सरळ आहे, बाप्ये मुंबईत आणि बायका घर, गुरं आणि सासू सांभाळत इथे. जिल्ह्याची एकूण लोकसंख्याच त्या दहा वर्षांत घटली, २००१ ला १६ लाख ९६ हजार होती ती २०११ ला १६ लाख १५ हजार, आणि त्याच काळात महाराष्ट्र जवळपास १६ टक्क्यांनी वाढला. सिंधुदुर्ग पण घटला. तिसरा घटलेला जिल्हा कुठला, तर मुंबई शहर! म्हणजे चाकरमानी जिथे जायचे तिथली पण माणसं कमी झाली, ती पुढे सरकली, वसई, विरार, दिवा, कल्याण. आमच्या वाडीचं पण तसंच, कुलपांचे पत्ते आता लालबाग परळचे नाहीत.

हे १४ सुद्धा माझे, म्हणजे मी मोजलेले. खाली काजूच्या बागेत राखणीला एक नेपाळी कुटुंब आहे, नवराबायको आणि दोन मुलं, त्यांना मी धरलं नव्हतं. मामी म्हणाली, का गो, ती काय माणसं न्हायत? त्यांची दोन मुलं खालच्या जिल्हा परिषद शाळेत जातात. शाळेचा पट ७. त्यातले दोन हे. म्हणजे शाळा अजून चालू आहे त्यात त्यांचा पण वाटा आहे. तर माणसं १८.

संध्याकाळी आप्पांकडे बसले होते. आप्पा ७९ वर्षांचे, गिरणी कामगार, १९८२ च्या जानेवारीत संप सुरू झाला आणि त्या उन्हाळ्यात बायकापोरांना घेऊन गावी आले ते परत गेलेच नाहीत. त्यांच्या मते वाडी सगळ्यात भरलेली तेव्हा होती, पाखाडीवर उतरणाऱ्याला चढणाऱ्यासाठी थांबावं लागायचं. त्यांनी फळीवरून एक लांबट वही काढली, लाल कापडी पाठीची. शिमग्याची वही. त्यात प्रत्येक घराचं नाव, पालखी कुठल्या क्रमाने फिरणार ते, कोणाची किती वर्गणी, कोणाचा मान काय, आणि पेन्सिलने मुंबईचा पत्ता आणि मोबाईल नंबर. नवीन सून आली की नाव चढतं, पोर झालं की चढतं. आमच्या वाडीची त्यात माणसं किती? मी बसून मोजली. १३२.

मी जनगणनेचं काढलं तर आप्पा म्हणाले, ते मोजायला येतात कंदी, फेब्रुवारीत. मास्तर आले, घरात कोण ते लिहिलं, गेले. शिमगा त्याच्या मागून. मला वाटलं म्हातारा उगाच बोलतोय. रेंज फक्त वर सड्यावर, म्हणजे माथ्यावरच्या कातळावर मिळते म्हणून दुसऱ्या दिवशी तिथे जाऊन बघितलं, आणि आप्पा बरोबर निघाले. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी, मग १ ते ५ मार्चला फेरतपासणी. होळी त्या वर्षी १९ मार्चला. २०२१ ची तर झालीच नाही. आता २०२७ ची संदर्भ तारीख १ मार्चची मध्यरात्र, आणि होळी त्यानंतर तीन आठवड्यांनी. परत तेच.

आता कोणी म्हणेल की माणूस राहतो तिथेच मोजायचा असतो, दोन दिवस पालखी नाचवायला आलेला कशाला मोजायचा. मान्य आहे. नालासोपाऱ्यातल्या नळाचं पाणी पण त्याला लागतं. पण मग रस्ता कोणत्या आकड्यावर ठरतो ते बघा.

दिवस तिसरा

सकाळच्या गाडीने देवरुखला जायचं होतं, मामीचं बँकेचं काम. पाखाडी उतरताना साकवावर उभी राहून पाण्यातल्या धुक्याचे फोटो काढत बसले, वरून एसटीचा हॉर्न ऐकू आला, धावले, आणि देवळापाशी पोचले तर गाडीची मागची लाल पाटी वळणावर दिसत होती. चूक शंभर टक्के माझी. पुढची गाडी दुपारी.

चालत निघाले. फाटा सात किलोमीटर. तासाभराने मागून चिरे, म्हणजे जांभ्याचे दगड, भरलेला ट्रक आला, हात केला, थांबला. ड्रायव्हर विजापूरकडचा, दिवाळीनंतर चिरेखाणीवर येतो आणि पावसाच्या तोंडावर जातो, बायको पण खाणीवरच, पत्र्याच्या खोपीत राहतात. मराठी कोकणी कन्नड सगळं एकत्र करून बोलत होता. म्हणाला इथली घरं लई मोठी आणि माणसं लई थोडी, आमच्याकडे उलट. चिरे कुठे चाललेत विचारलं तर म्हणे बंगला होतोय, मुंबईवाल्याचा. म्हणजे आणखी एक कुलूप.

देवरुखात बँकेचं काम पंधरा मिनिटांत झालं आणि त्याला जायला यायला अख्खा दिवस गेला, यावर वेगळं काही लिहीत नाही.

परतीच्या वस्तीच्या गाडीत गावचे माजी सरपंच भेटले, त्यांच्या शेजारी बसून रस्त्याचं विचारलं. वरच्या वाडीला रस्ता का नाही, पऱ्यावर मोरी टाकली तर रिक्षा वर जाईल की. ते शांतपणे सांगत गेले. प्रधानमंत्री ग्रामसडक योजना २००० साली आली, तिचा निकष वस्तीची लोकसंख्या, साध्या भागात ५००, डोंगरी राज्यं, वाळवंटी आणि आदिवासी भाग असेल तर २५०. ५०० मीटरच्या आतल्या वस्त्या जोडून मोजता येतात. आमची वाडी आणि पलीकडची जोडली तरी शंभर भरत नाही. २०२४ ला योजनेचा चौथा टप्पा मंजूर झाला, त्यात २०११ ची जनगणना धरतात, म्हणजे पुन्हा तोच फेब्रुवारी. मग उरतात जिल्हा परिषद, आमदार निधी वगैरे, तिथे नंबर लावावा लागतो, तो पण एकदा लागला होता. मग अडलं कुठे? जमिनीत. पाखाडीच्या कडेने रस्ता न्यायचा तर दोन सातबाऱ्यांवरच्या सगळ्यांची संमती पाहिजे. सामाईक सातबारा, एकावर ३८ नावं. त्यातले काही वारले, वारस लागले नाहीत, काही गुजरातेत, एक जण कुठे आहे ते कोणालाच माहीत नाही. सरपंच म्हणाले, रस्ता मागायला गेलं की माणसं कमी पडतात आणि सह्या घ्यायला गेलं की जास्त होतात.

मला हसू आलं आणि मग एकदम मामा आठवला.

चार वर्षांपूर्वी पावसाळ्यात रात्री मामाच्या छातीत दुखायला लागलं. १०८ ला फोन लावायला एक पोरगा सड्यावर पळाला. रुग्णवाहिका देवळापर्यंत आली, वेळेत आली, तिची काही तक्रार नाही. मामाला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खुर्चीला दोन बांबू बांधले. उचलायला चार जण लागतात. वाडीत त्या रात्री उचलण्याजोगे तीन होते. चौथा पलीकडच्या वाडीतनं येईपर्यंत पाऊण तास गेला. मामी हे कधी सांगत नाही, मला आप्पांनी सांगितलं. तिसरे ते होते, ७५ वर्षांचे.

घरी पोचले तेव्हा अंधार पडला होता. पण पाखाडीवर उजेड. मुंबई मंडळाची पहिली गाडी दुपारी आली होती, पोरांनी येऊन आधी पाखाडीच्या कडेचं गवत काढलं होतं, वायर ओढून बल्ब लावले होते, साकवाच्या कठड्याला नवीन बांबू. बंद घरांच्या पडव्यांत झाडू फिरत होते, धूळ नुसती. दोन कुलपांचं घर पण उघडलेलं, दोघे भाऊ दोन टोकांना बसलेले, बोलत नव्हते पण चहा एकाच चुलीवरचा. रात्री झोपताना मामीने विचारलं, आज किती झाली तुझी माणसं? ६१ पर्यंत मोजली होती मी, मग सोडून दिलं.

दिवस चौथा

मला पालखीला थांबता आलं नाही, ऑफिस. मामी रुसली, मग देवळापर्यंत सोडायला येते म्हणाली, मी नको म्हटलं, १६७ पायऱ्या परत चढायच्या आहेत तुला. आंबोळ्या बांधून दिल्या.

सव्वासहाची गाडी. खाली जाणारे आम्ही सात, त्यात त्या तीन मुली, पैकी एक माझ्या खांद्यावर झोपली. फाट्याच्या अलीकडे समोरून एकामागे एक गाड्या, बोलेरो, इको, एक आख्खी लक्झरी गावात वळायला जागा शोधत होती, आमच्या ड्रायव्हरने खाली उतरून त्याला मागे घ्यायला लावली. वर जाणारे किती असतील, दोनशे तरी. त्यातला एकही एसटीच्या मशीनमध्ये दिसणार नव्हता.

संगमेश्वर स्टँडवर उतरून तिकीट टाकायला पर्स उघडली तर आत मामीच्या डोळ्यात घालायची ड्रॉपची बाटली. दिवसातून चार वेळा घालायची, दुपारचा डोस एक वाजता. घामच फुटला. वडापवाल्याला फोन लावला, तो म्हणाला आज शिमगा ताई, आज गाडी रिकामी नाही. मग धावत परत गाडीपाशी गेले, कंडक्टर हिशोब करत बसला होता. सांगितलं सगळं. त्याने बाटली उजेडात धरून बघितली, रुमालात गुंडाळली, म्हणाला दुपारच्या फेरीचा कंडक्टर माझा मित्र आहे, त्याच्याकडे देतो, देवळापाशी कोणी पोरगं असेल ते वर नेईल. घरचं नाव काय सांगू?

मी नाव सांगायला लागले तर म्हणाला, वरच्या वाडीतली गॉगलवाली ना, शून्याच्या तिकिटाची? नाव नको, कळलं.